कन्नड कागदावरचा ‘ऋणभार’ कसा वाचायचा

मावसभावाचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. म्हणे दादा, आपल्या निपाणीकडच्या जमिनीचा कागद काढलाय, सगळा कन्नडात आहे, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं वाचला तर वर मोठ्या अक्षरात ‘कर्जाच्या ओझ्याचे प्रमाणपत्र’ असं येतंय, म्हणजे आपल्यावर कर्ज आहे का? मी म्हटलं फोटो पाठव. फोटो आला तर तो साधा ईसी होता, म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, जमिनीवर नोंदलेल्या व्यवहारांची यादी, जो कर्नाटकात जमीन विकत घेणारा, विकणारा, लोन काढणारा प्रत्येक माणूस काढतो. कर्ज असो वा नसो, कागदाचं नाव तेच.

मी काही वकील नाही, पण सासर-माहेर दोन्ही बाजूंनी बेळगाव आणि बिदर भागातले नातेवाईक असल्यामुळे असले कागद गेली बरीच वर्षं माझ्याकडे येतात, आणि प्रत्येक वेळी गोंधळ एकाच शब्दावरून सुरू होतो. तो शब्द म्हणजे एन्कम्ब्रन्स, कन्नडात ऋणभार. तर एकदाच नीट लिहून काढतो, ज्यांची जमीन किंवा घर तिकडे आहे आणि कन्नड वाचता येत नाही किंवा मोडकंतोडकं येतं त्यांच्यासाठी.

आधी इंग्रजी शब्दाचं बघू, कारण घोळ तिथूनच चालू होतो. एन्कम्ब्रन्स हा मुळात इंग्रजी पण नाही, जुन्या फ्रेंचमधून आलेला. त्यात ‘कॉम्ब्र’ म्हणजे नदीत घातलेला बांध, अडथळा. नदी वाहतेय पण मधे कोणीतरी अडवण घालून ठेवलीय, ते चित्र. इंग्लंडच्या कोर्टात कित्येक शतकं फ्रेंच आणि लॅटिन चालायचं, लोकांना आपलीच केस कळायची नाही, 1362 साली तोंडी कामकाज इंग्रजीत करा असा कायदा झाला आणि कोर्टाचं रेकॉर्ड इंग्रजीत यायला 1733 उजाडलं, पण तोपर्यंत मॉर्टगेज, लीज, एन्कम्ब्रन्स असे शब्द कायद्यात इतके मुरले होते की ते तसेच राहिले, आणि ब्रिटिशांबरोबर आपल्याकडे आले. जुन्या कागदात याचं स्पेलिंग कधी ‘ई’ नं सुरू होतं, कधी ‘आय’ नं. शब्द तोच, घाबरायचं नाही.

कायद्यात त्याचा अर्थ आजही त्या बांधासारखाच आहे. मालक तुम्हीच, पण तुमच्या मालकीच्या मधे दुसऱ्या कुणाचा तरी हक्क आडवा पडलेला आहे. तो बँकेचा गहाणाचा हक्क असेल, भाडेपट्टा असेल, कोर्टाची जप्ती असेल, शेजाऱ्याचा तुमच्या बांधावरून गाडी नेण्याचा हक्क असेल, आईच्या पोटगीचा त्या जमिनीवर टाकलेला भार असेल. यातलं कर्ज म्हणावं असं एकच आहे, बाकीच्यात पैसे उसने घेण्याचा संबंधच नाही.

आणि आता कन्नड शब्द. ऋणभार. ऋण अधिक भार, दोन्ही संस्कृत, दोन्ही मराठी माणसाला कळणारे, आणि म्हणूनच फसवणारे. उच्चार ‘रुणभार’, आपण ऋण म्हणतो तसाच, हिंदीसारखा ‘रिण’ नाही. शब्द सांगतो कर्जाचं ओझं, पण कागदावर त्याचा अर्थ घ्यायचा एन्कम्ब्रन्सचा, म्हणजे दुसऱ्याचा कुठलाही हक्क. भाषांतर करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे गहाण, तो धरून शब्द बनवला असावा असं मला वाटतं, आणि आपण मराठीत तरी वेगळं काय केलं, ‘बोजा’ म्हणतो आणि सातबारावर बोजा म्हटलं की सोसायटीचं कर्जच डोळ्यासमोर येतं. उत्तर कर्नाटकात जुनी माणसं अजून ‘बोजा’च म्हणतात, त्यामुळे बेळगाव-चिकोडीकडे तुम्ही बोजा म्हटलात तर समोरच्याला कळतं. पण छापील कागदावर, सरकारी वेबसाईटवर, बँकेच्या फॉर्मवर ऋणभार हाच शब्द येणार.

तर पहिला नियम हा की ऋणभार दिसला की मनात ‘कर्ज’ न म्हणता ‘कुणाचा हक्क अडकलाय का’ असं म्हणायचं.

दुसरी गंमत म्हणजे कर्जासाठी कन्नडात रोजचा शब्द वेगळाच आहे, तो आहे ‘साल’. होय, आपलं सालच, पण तिकडे अर्थ कर्ज. पहणीवर, म्हणजे तिकडच्या सातबारावर, कुठे ‘साल’ आणि पुढे आकडा दिसला तर ते वर्ष नसून रक्कम असते, आमच्या एका नातेवाईकांनी ‘साल 20000’ बघून हे कुठलं साल म्हणून डोकं खाजवलं होतं. वर्षाला कन्नडात वर्षच म्हणतात.

असे फसवे शब्द भरपूर आहेत आणि ते माहीत नसले की अख्खा कागद उलटा वाचला जातो, म्हणून इथे थोडा वेळ काढतो. ‘खुलासे’ हा सगळ्यात धोक्याचा. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, कन्नडात खुलासे म्हणजे सुटका, सोडणं. पेपरात आरोपी खुलासे म्हणजे तो निर्दोष सुटला. जमिनीच्या कागदात ‘हक्कु खुलासे पत्र’ म्हणजे हक्कसोड पत्र, ज्याला काही ठिकाणी ‘हक्कु बिडुगडे पत्र’ पण म्हणतात. कुणी बहिणीकडून ‘फक्त खुलासा लिहून घेतलाय’ असं म्हणत असेल तर समजा तिचा हिस्सा गेला. मग ‘आधार’. आपल्याला आधार म्हटलं की टेकू नाहीतर कार्ड आठवतं, पण जुन्या कन्नड दस्तात ‘आधार पत्र’ म्हणजे गहाणखत. गहाणाला अजून एक शब्द ‘अडमान’, हा सगळीकडे चालतो आणि बँकवाले हाच वापरतात. ‘भोग्य’ म्हणजे ताबा देऊन केलेलं गहाण किंवा लीज, पैसे घेतले आणि जागा वापरायला दिली, व्याजाच्या बदल्यात वापर. बंगळुरात घर ‘भोग्याला’ देणं म्हणजे मोठी रक्कम एकदम घेऊन घर राहायला द्यायचं, महिन्याचं भाडं नाही, सोडताना रक्कम परत. ‘गुत्तिगे’ म्हणजे पट्टा किंवा कंत्राट. ‘गेणि’ म्हणजे कुळानं द्यायचा खंड, आणि गेणिदार म्हणजे कूळ. जुन्या पहणीत गेणिदाराचं नाव असेल तर थांबा, कारण कर्नाटकात कुळांच्या जमिनी 1 मार्च 1974 पासून सरकारकडे वर्ग झाल्या आणि पुढे कुळांना मिळाल्या, त्यामुळे त्या नावाचं पुढे काय झालं हे बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

‘क्रयपत्र’ म्हणजे खरेदीखत. संस्कृत शिकलेले म्हणतील क्रय म्हणजे खरेदी, मग विकणारा क्रयपत्र कसा लिहून देतो, तर आपणही विकणाऱ्यानंच लिहून दिलेल्या कागदाला खरेदीखतच म्हणतो की. ‘क्रयद करारु’ म्हणजे साठेखत. ‘मारु’ म्हणजे विकणे आणि ‘माराट’ म्हणजे विक्री, इथे मराठ्यांचा काही संबंध नाही. ‘विभागपत्र’ म्हणजे वाटणीपत्र. ‘दानपत्र’ म्हणजे बक्षीसपत्र. ‘जप्ति’ ती जप्तीच. ‘तडेयाज्ञे’ म्हणजे कोर्टाचा स्टे. आणि ‘दारि’ म्हणजे दारात नव्हे, वाट. चतुःसीमेला तिकडे ‘चक्कुबंदि’ म्हणतात, तिथे किंवा अटींमध्ये ‘होगि बरुव दारि’ असं आलं तर ती जाण्यायेण्याची वाट आहे, आणि ती दुसऱ्याच्या वापराची असेल तर तो पण ऋणभारच झाला, एक पैशाचं कर्ज नसताना. विहिरीला ‘बावि’, हिश्श्याला ‘पालु’. विहिरीत चार जणांचा पालु लिहिलेला असेल तर पाण्याच्या पाळ्या विचारून घ्या, ते नंतर भांडणाचं मूळ होतं.

आता ईसी. पूर्ण नाव ‘ऋणभार प्रमाणपत्र’, पण काउंटरवर कोणी एवढं म्हणत नाही, सगळे ईसी म्हणतात. आपल्याकडे महाराष्ट्रात हा कागद असा रोजच्या वापरात नाही, आपण वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो, सूची क्रमांक 2 काढतो, सातबाराचा इतर हक्काचा रकाना बघतो. कर्नाटकात ते काम बरंचसं ईसी करतो. तो देतो उपनोंदणाधिकारी, म्हणजे सब-रजिस्ट्रार, आणि तो काय करतो तर त्याच्याकडच्या रजिस्टरमध्ये तुम्ही दिलेल्या मिळकतीवर, तुम्ही दिलेल्या तारखांच्या मधे, कोणकोणते दस्त नोंदवले गेले त्याची यादी छापून देतो. बास, एवढंच. त्यात खरेदीखत पण येतं, दानपत्र पण येतं, वाटणी पण येते, जे काही ऋणभार नसतातच. म्हणजे नाव ऋणभाराचं आणि आत निम्मी माणसं भलतीच. यादीत ओळी आहेत म्हणून जमीन अडकली असं नाही, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं.

ईसी दोन फॉर्ममध्ये येतो, आणि कन्नड एक अक्षर येत नसलं तरी हे बघता येतं. फॉर्म 15 म्हणजे त्या काळात काहीतरी व्यवहार नोंदलेले आहेत, त्यांची यादी. फॉर्म 16 म्हणजे काहीच सापडलं नाही, ज्याला निल ईसी म्हणतात. लोक 16 बघून खूष होतात. मी 16 बघितला की आधी सर्वे नंबर तपासतो.

का ते सांगतो. भावाच्या हातात जो पहिला ईसी होता तो खरं तर 16 होता, कोरा. फोनच्या भाषांतरानं त्याला घाबरवलं होतं पण आत काहीच नव्हतं. मग काकांनी, म्हणजे मावशीच्या मिस्टरांनी, हळूच सांगितलं की 2009 ला एका पतसंस्थेकडून घेतले होते पैसे, रजिस्टर करून. मग निल कसा आला? पहणी काढली तर सर्वे नंबरचा 2006 मध्ये वाटणी होऊन हिस्सा पडलेला, आणि भावानं ऑनलाईन अर्ज करताना जुना अख्खा नंबर टाकलेला, हिस्सा नंबर न देता. कंप्युटरला जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं. हिस्सा नंबर घालून परत अर्ज केला तेव्हा फॉर्म 15 आला आणि त्यात तीन ओळी.

म्हणून ईसी काढायच्या आधी पहणी काढा. पहणी म्हणजे तिकडचा सातबारा, सरकारी नाव आरटीसी, भूमी नावाच्या कंप्युटर सिस्टीममधून मिळते, गावाजवळच्या नाडकचेरीतून, म्हणजे उपतहसीलदाराच्या ऑफिसातून, किंवा ऑनलाईन. त्यावर सर्वे नंबर, सर्नोक आणि हिस्सा असे तीन तुकडे असतात, सर्नोकच्या जागी बऱ्याचदा नुसती चांदणी असते, ती चूक नसते, ती तशीच निवडायची. क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं, 40 गुंठे म्हणजे एकर, हेक्टर-आर शोधत बसू नका. नावांचा रकाना 9 नंबरचा, जमीन कशी मिळाली तो 10 चा, आणि आपल्या कामाचा 11 चा, तिथे हक्क आणि ‘ऋणगळु’, म्हणजे आपल्या इतर हक्कांचा चुलतभाऊ. सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं नाव, कोर्टाचा आदेश तिथे सापडतो. एखादी गोष्ट पहणीत असते आणि ईसीत नसते, कधी उलटं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे, एकावर भागत नाही.

ऑनलाईन ईसी नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून निघतो, पण कंप्युटरवरचा डेटा साधारण 01-04-2004 पासूनचा. त्याआधीचं पाहिजे तर त्या त्या ऑफिसात अर्ज देऊन जुनी रजिस्टरं शोधायला लावायची. आणि पाहिजेच. कारण बँका कधी 13 वर्षांचा ईसी मागतात कधी 30 वर्षांचा, लोक कमी खर्चाचा म्हणून 13 चा काढतात. हे आकडे हवेतून आलेले नाहीत, 1963 च्या मुदत कायद्यात ताब्याचा दावा करायला 12 वर्षं आहेत, त्यात एक वर्ष पदरचं घातलं की 13, आणि गहाण सोडवायचा दावा करायला 30 वर्षं आहेत. म्हणजे 28 वर्षांपूर्वी कुणाच्या आजोबांनी ताबागहाण दिलं असेल तर तो नातू आजही कोर्टात येऊ शकतो. माझं मत विचाराल तर विकत घेताना 30 च्या खाली यायचं नाही. अजून मागे गेलात तर भाषाच बदलते, बेळगावकडे 1956 च्या आधी मुंबई राज्य होतं तर मराठी कागद निघतात, अगदी जुने असतील तर मोडीत, आणि बिदर-कलबुर्गीकडे निजामाचं राज्य होतं तर उर्दू, तो वेगळा उद्योग आहे.

आता फॉर्म 15 कसा वाचायचा. रकाने बरेच असतात, मिळकतीचं वर्णन, तारीख, दस्ताचा प्रकार आणि रक्कम, मग माणसांची नावं, मग दस्त नंबर. नावांचे दोन रकाने हा सगळ्याचा गाभा. एक ‘बरेदुकोट्टवरु’ आणि दुसरा ‘बरेसिकोंडवरु’. पहिल्याचा शब्दशः अर्थ लिहून दिलेले, दुसऱ्याचा लिहून घेतलेले. आपलं लिहून देणार आणि लिहून घेणार, हुबेहूब. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भारी वाटलं होतं, दोन भाषा पण दस्तलेखकाचं डोकं एकच.

प्रत्येक ओळीला फक्त विचारायचं की कोणी दिलं आणि कोणाला. क्रयपत्रात मालक देतो, खरेदीदार घेतो, इथून पुढे खरेदीदार मालक. अडमान किंवा आधारात मालक देतो आणि बँक घेते, इथे हक्क अडकला. आणि मग खाली कुठेतरी उलटी जोडी शोधायची, बँक देणार आणि मालक घेणार, प्रकारात बिडुगडे किंवा खुलासे. ती जोडी सापडली की गहाण सुटलं. नाही सापडली तर नाही सुटलं, मग घरात कितीही पावत्या असू देत. वहीत डाव्या बाजूला अडकवणाऱ्या ओळी आणि उजव्या बाजूला सोडवणाऱ्या ओळी अशी मांडणी करा, ज्या डाव्या ओळीसमोर जागा रिकामी राहील तिथे काम आहे.

आमच्या तीन ओळी अशा होत्या. 2006 चं विभागपत्र, काका आणि त्यांचे भाऊ, ते ठीक, तो ऋणभार नाहीच. 2009 चं आधार पत्र, देणार काका, घेणार ती पतसंस्था. 2012 चा क्रयद करारु, देणार काका, घेणार शेजारचे शेतकरी. डावी बाजू दोन, उजवी बाजू शून्य. काका म्हणाले अरे पैसे कधीच फेडले, हा बघ नो ड्यूजचा कागद, आणि खरंच होता, शिक्क्यासकट. पण तो कागद कपाटात, सब-रजिस्ट्रारला कोणी सांगितलंच नाही. गहाण रजिस्टर केलं असेल तर सोडवणूक पण रजिस्टर करून घ्यायची, हे पतसंस्थेनं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही.

साठेखताचं जरा वेगळं आहे आणि इथे वकील पण कधी कधी घाई करतात. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं की नुसत्या साठेखतानं मिळकतीत हक्क किंवा भार तयार होत नाही. म्हणजे काटेकोर बघितलं तर तो ऋणभार नाही. पण त्याच कायद्याच्या कलम 55 मध्ये असं पण आहे की खरेदीदारानं आगाऊ रक्कम दिली असेल तर तेवढ्या रकमेपुरता त्याचा भार मिळकतीवर असतो. शिवाय करार पूर्ण करून द्या म्हणून दावा लावायला तीन वर्षं असतात, आमच्या केसमध्ये ती कधीच गेली होती, तरीपण नवीन खरेदीदाराचा वकील ती ओळ बघून नाक मुरडणारच. व्यवहार मोडला होता, पैसे परत दिले होते, सगळं तोंडी.

ईसीत काय दिसत नाही हे माहीत असणं पण तितकंच महत्त्वाचं. जे रजिस्टर झालं नाही ते दिसत नाही. सगळ्यात मोठं म्हणजे मूळ कागद बँकेकडे ठेवून केलेलं गहाण, कायद्यात त्याला परवानगी आहे, लेखी दस्त न करता नुसते कागद ठेवले तर रजिस्ट्रेशन लागत नाही, मग ईसीत ओळ येईलच असं नाही. त्यासाठी सरसाई म्हणून केंद्राचं रजिस्टर आहे, 2011 पासूनचं, तिथे फी भरून शोधता येतं. आणि विकणारा मूळ कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल, नुसत्या झेरॉक्स देत असेल, तर उत्तर बहुतेक तिथेच आहे. कोर्टात चालू असलेला दावा, घरातल्या माणसांचा वडिलोपार्जित हिस्सा, पायवाट, चालू भाडेकरू, यातलं काहीही ईसीत सापडेल अशी खात्री नाही. सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दिलेली जमीन असेल तर 1978 चा वेगळा कर्नाटक कायदा लागतो, तिथे सरकारच्या परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होऊ शकते, आणि हे ईसीच्या कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं, त्यासाठी जमीन मुळात मिळाली कशी ते खोदावं लागतं. गावात जाऊन दोन माणसांशी बोलणं हा ईसीला पर्याय नाही पण जोडीला लागतोच.

आता खरेदीखतातलं वाक्य. बहुतेक कन्नड दस्तात शेवटाकडे हे येतं: ‘सदरि स्वत्तिन मेले यावुदे ऋणभार इरुवुदिल्ल.’ मेले वाचून दचकू नका, कोणी मेलेलं नाही, ‘मेले’ म्हणजे वर. सदरि म्हणजे सदर, स्वत्तु म्हणजे मिळकत, यावुदे म्हणजे कुठलाही, इरुवुदिल्ल म्हणजे नाही. सदर मिळकतीवर कुठलाही ऋणभार नाही. कन्नडात नकार आपल्यासारखाच वाक्याच्या शेवटी येतो, ‘इल्ल’ हा तुकडा. वाक्याच्या शेपटीत इल्ल आहे का हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण ‘इरुत्तदे’ असेल तर अर्थ बरोबर उलटा, म्हणजे आहे.

याच्याही पेक्षा जपायचं ते ‘ऋणभारक्के ओळपट्टु’ या दोन शब्दांना. अर्थ ऋणभाराला अधीन राहून. म्हणजे विकणारा सांगतोय की जो काही अडकलेला हक्क आहे तो तुमच्या गळ्यात घालून विकतोय. कलम 55 प्रमाणे एरवी विकणाऱ्याची जबाबदारी असते की असलेले ऋणभार त्यानं फेडून द्यायचे, पण मिळकत ऋणभारासकट विकली असेल तर ती सूट त्याला मिळते. दोन शब्द, किंमत लाखात. उलट ‘एल्ला ऋणभारगळिंद मुक्तवागि’ हे चांगलं, सगळ्या ऋणभारांतून मुक्त. हीच भाषा सरकार जमीन संपादन करतं तेव्हा पण असते, 1894 च्या कायद्यात ताबा घेतल्यावर जमीन सर्व एन्कम्ब्रन्समधून मुक्त होऊन सरकारकडे जाते असं लिहिलेलं होतं.

आणि त्याच्या जोडीला अजून एक वाक्य असलंच पाहिजे: ‘मुंदे यावुदे तकरारु बंदल्लि नन्न स्वंत खर्चिनिंद बगेहरिसि कोडुत्तेने.’ पुढे कुठलीही तक्रार आली तर माझ्या स्वतःच्या खर्चानं निस्तरून देतो. मराठी माणसाला यातले निम्मे शब्द तसेच कळतात, फक्त ‘बगेहरिसि’ नवीन, म्हणजे सोडवून. हे वाक्य नसेल तर घालून घ्या, दस्तलेखक कुरकुर न करता घालतो.

ऑफिसात जाऊन बोलायची भीती वाटत असेल तर फार लागत नाही. ‘ईसी बेकित्तु’, म्हणजे ईसी पाहिजे होता. ‘मूवत्तु वर्षद’, म्हणजे तीस वर्षांचा. पहणीची प्रत पुढे सरकवा, हिस्सा नंबरावर बोट ठेवा. उत्तर भागात काउंटरवरचा माणूस बऱ्याचदा मराठीतच बोलायला लागतो, पण सुरुवात कन्नडात केली की काम जरा मऊ होतं, हा अनुभव. एक गोष्ट मात्र, ‘ऋणभार इद्या?’ असं विचारू नका, म्हणजे ऋणभार आहे का. तो म्हणेल यादीत बघा. तो अर्थ लावत नाही, लावणं त्याचं काम पण नाही.

आमचं पुढे काय झालं तर पतसंस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली, तिथे दोन महिने हेलपाटे, शेवटी त्यांचा माणूस येऊन बिडुगडे पत्रावर सही करून गेला. शेजारी भला माणूस, चहा पिऊन करारु रद्दुच्या कागदावर अंगठा आणि सही दोन्ही देऊन गेला. मग नवीन ईसी काढला. भावानं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, दादा एवढं सगळं करून परत फॉर्म 15 च आलाय, 16 का नाही? मी त्याला मोजायला सांगितलं. आधी तीन ओळी होत्या, आता पाच, चौथीत देणार संस्था आणि घेणार काका, पाचवीत शेजारी. जुन्या ओळी पुसल्या जात नाहीत, त्यांच्यासमोर नवीन येऊन बसतात.